रोबोट आणि वेठ

मलकापूर म्हटले की पुष्कळांस वऱ्हाडातील मलकापूर आठवते, काहींस कऱ्हाडजवळचे. आमचे मलकापूर तिसरे. कोल्हापुराहून रत्नागिरीच्या वाटेने निघाले म्हणजे आंब्याचा घाट लागण्यापूर्वी जे लहानसे गाव लागते, ते हे. विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे, एवढीच त्याची जुनी ओळख. अशा गावी चित्रपट नेहमीच उशिरा आले, आणि म्हणूनच की काय, येथे चित्रपट पाहण्यापेक्षा त्याची वाट पाहण्याचा रिवाज अधिक मुरलेला होता. आमच्या लहानपणी सुगी आटोपली की माळावर तंबू पडे. कर्णा लावलेली गाडी गल्लोगल्ली फिरून रात्रीच्या खेळाची वर्दी देई आणि आम्ही पोरे तिच्यामागे धावत असू. खेळाची गोष्ट आम्हांस बहुधा आधीच ठाऊक असे; शहरात जाऊन आलेल्या कोणी तरी ती सांगून टाकलेली असे. तरीही उत्सुकता रतिमात्र कमी होत नसे. काय होणार हे ठाऊक असूनही ते घडताना डोळ्यांनी पाहावे, ही जी ओढ, तिचा विचार आम्ही पुढे पुष्कळ वर्षांनी, अगदी निराळ्या निमित्ताने केला.

ते निमित्त २०१० सालचे. त्या वर्षी ऑक्टोबरच्या आरंभी शंकर या तामिळ दिग्दर्शकाचा ‘एंदिरन’ हा चित्रपट हिंदीत ‘रोबोट’ या नावाने प्रदर्शित झाला. शास्त्रज्ञाने आपल्याच रूपाचा यंत्रमानव घडवावा, त्याला भावना द्याव्यात, आणि त्याने निर्मात्याच्याच वाग्दत्त वधूवर अनुरक्त होऊन शेवटी आपल्यासारख्या शेकडो यंत्रांची फौज उभारावी, अशी ती कथा. आमचे विद्यार्थी एसटीने कोल्हापुरास जाऊन तो पाहून आले. त्याच महिन्यात अमेरिकेहून वार्ता आली की, स्टीव्हन स्पीलबर्ग हे यंत्रमानवांच्या बंडावर एक भव्य चित्रपट काढणार. आधार होता डॅनियल विल्सन या यंत्रमानवशास्त्राच्याच पंडिताने लिहिलेल्या ‘रोबोपोकॅलिप्स’ या कादंबरीचा. आणि मौज अशी की, ती कादंबरी तेव्हा प्रसिद्धही झालेली नव्हती, ती निघाली २०११ च्या जूनमध्ये. न छापलेल्या पुस्तकावरील न काढलेल्या चित्रपटाची वाट आंब्याच्या घाटाअलीकडे पाहिली जाऊ लागली. प्रथम २०१३ साल सांगण्यात आले, मग एप्रिल २०१४. आणि जानेवारी २०१३ मध्ये कळले की, संहिता मनासारखी उतरलेली नाही, खर्चही अफाट आहे, म्हणून काम बेमुदत पुढे ढकलले आहे. पुढे २०१८ च्या सुमारास दुसऱ्या एका दिग्दर्शकाचे नाव निघाले. चित्रपट मात्र अद्याप पडद्यावर आलेला नाही.

या वाट पाहण्याच्या काळात आम्ही वर्गात एकदा सहज ‘रोबोट’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. विषय इंग्रजी नाटकांचा होता, आडवाटेने तिकडे गेलो. तास संपता संपता मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याचे पणजोबा साहेबलोकांचे सामान डोक्यावर घेऊन घाट चढत, हे त्याने आम्हांस मागे कधी तरी सांगितलेले होते. तो म्हणाला, “म्हंजे सर, रोबोट म्हंजे वेठीला धरलेला माणूस. मग पिक्चर बघताना आम्ही कुणाच्या बाजूनं बसायचं?” वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि घंटा झाली म्हणून सुटलो. पुढील मजकूर म्हणजे त्या प्रश्नाला तेव्हा न दिलेले उत्तर समजावे. ते उशिरा सुचले आहे आणि पुरेसेही नाही.

व्युत्पत्ती अशी. कारेल चापेक हा चेक भाषेतील नाटककार. १९२० मध्ये त्याचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक छापले गेले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर ते आले. कृत्रिम मजुरांस काय म्हणावे, हे त्याला सुचेना. लॅटिनवरून केलेला एक शब्द मनात होता, पण तो फार पुस्तकी वाटला. त्याचा थोरला भाऊ योसेफ चित्रकार. तो फळ्यापुढे उभा, तोंडात कुंचला. त्याने काम न थांबवता सांगून टाकले : रोबोट म्हण. ही हकीकत कारेलनेच पुढे लिहून ठेवली आहे. ‘रोबोता’ म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर मोबदल्यावाचून करावयाचे सक्तीचे काम. बोहेमियात ही प्रथा शतकानुशतके चालली. १७७५ साली तेथील शेतकऱ्यांनी मोठे बंड केले, तेव्हा त्याच वर्षी मारिया थेरेसा राणीने सनद काढून अशा कामाची मर्यादा आठवड्याचे तीन दिवस अशी ठरवून दिली. प्रथा समूळ गेली ती १८४८ च्या क्रांतिवर्षात. म्हणजे चापेक बंधूंच्या आजा-पणजांच्या पिढीस हा शब्द कोशातून शिकावा लागत नव्हता.

आता याला मराठी प्रतिशब्द शोधण्याची गरजच नाही, तो तयार आहे : वेठ. संस्कृतातील विष्टि तीच ही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात विष्टि आहे. गिरनारच्या रुद्रदामन् क्षत्रपाच्या लेखात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास, राजा अभिमानाने सांगतो की, सुदर्शन तलावाचे फुटलेले धरण आपण प्रजेवर कर अथवा विष्टि न लादता बांधून काढले. ज्या गोष्टीवाचून काम केले याची प्रौढी शिळेवर कोरावी लागते, ती गोष्ट एरवी किती सार्वत्रिक असली पाहिजे! पुढे फारसीतून बिगार आली आणि दोघींचा वेठबिगार असा जोडशब्द झाला. फारसी बिगार म्हणजे बिनमोबदल्याचे काम. आज आमच्याकडे घराच्या बांधकामावर रोज घेऊन पाट्या टाकणारा तो बिगारी. त्याला मजुरी मिळू लागली, पण नाव तेच राहिले.

आमच्या भाषेने रोबोटला ‘यंत्रमानव’ म्हटले. शब्द सुबक आहे, पण त्याने एक घोटाळा केला असे आम्हांस वाटते. यंत्रमानव म्हणताच लोखंड डोळ्यांपुढे येते. चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हतेच. ते एका बेटावरील कारखान्यात रासायनिक गोळ्यापासून तयार केलेले, हाडामांसाचे, दिसायला माणसासारखे, फक्त त्यांतील ‘अनावश्यक’ भाग वगळलेला : आनंद नको, दुःख नको, फिरायला जाणे नको. मजूर जितका साधा तितका स्वस्त, हा त्या कारखान्याचा सिद्धांत. ते शेतात राबतात, गिरण्यांत राबतात, पुढे सरकारे त्यांस बंदुका देऊन मजुरांची बंडे मोडावयास लावतात, आणि अखेर ते मालकांवरच उलटतात. सर्व मनुष्यजात मारली जाते, एक खेरीज करून. त्याचे नाव आल्क्विस्ट. तो त्या कारखान्याच्या इमारती बांधणारा. रोबोट त्याला जिवंत ठेवतात, कारण तो आपल्यासारखाच हातांनी काम करतो. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर चापेकने शंभर वर्षांपूर्वीच असे देऊन ठेवले होते, आणि आम्ही ते नाटक शिकवीत असूनही त्या घटकेस आम्हांस ते आठवले नाही. ज्याने शब्द दिला त्या योसेफचा अंत १९४५ मध्ये नाझींच्या बेर्गेन-बेल्झेन येथील छावणीत झाला. कारेल १९३८ च्या नाताळच्या दिवशी गेला, म्हणून त्यातून वाचला.

हे नाटक छापले गेले ते १९२० साल आमच्या कोल्हापुरात कसे गेले, हे पाहण्यासारखे आहे. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी महार वतने मोडून त्या जमिनी वतनदारांच्या नावे रयतावा केल्या, आणि १९२० मध्ये हुकूम काढून वेठ बंद केली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते आणि महाराज स्वतः तेथे जाऊन बोलले. वतनी महाराची नोकरी म्हणजे काय, हे नव्या पिढीस सांगावे लागते. सरकारी अंमलदार गावी आला की त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोहोचवायचे, लाकूडफाटा आणायचा, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री धावायचे. वेळेचे बंधन नाही, कामाची यादी नाही, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व दारोदार मागायची बलुत्याची भाकरी. मुंबई इलाख्यात हे वतन मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात विधेयक आणले, पण तेथे ते तडीस गेले नाही.

येथे एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आमच्या घराण्याकडे पन्हाळ्याच्या बाजूस एका गावचे कुलकर्णीपण होते. १९१८ मध्येच महाराजांनी कुलकर्णी वतनेही मोडून पगारी तलाठी नेमले, आणि त्याबद्दलचा राग आमच्या घरी दोन पिढ्या पुरला. आमच्या आजोबांच्या तोंडी महाराजांचे नाव आले की मागोमाग एक सुस्कारा येई. घरच्या दफ्तरात मोडी कागदांचा एक रुमाल आहे. त्यात अंमलदाराच्या मुक्कामासाठी कोणी कोणी ओझी न्यायची, याच्या याद्या आहेत. ओझ्यांचे वर्णन तपशीलवार : पेटी, राहुटी, बिछाना, कोंबड्यांची डाल. माणसांची नावे नुसती एकेरी, बापाच्या नावावाचून. मजुरीचा रकाना नाही. अक्षर मात्र फार वळणदार. ते आमच्या पणजोबांचे अक्षर आहे, आणि त्या याद्यांत आमच्या विद्यार्थ्याचे पणजोबा असतील की नाही हे आम्ही पडताळून पाहिलेले नाही. गाव वेगळे होते, असे आम्ही स्वतःस सांगतो.

त्याच १९२० च्या फेब्रुवारीत, कोल्हापुरात तयार झालेला ‘सैरंध्री’ हा मूकपट पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागला. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने घडविलेल्या देशी कॅमेऱ्यावर तो काढला होता. कोल्हापूरच्या एका रंगाऱ्याने परदेशी यंत्राचे पोट उकलून पाहावे आणि तसेच यंत्र घरी घडवावे, ही हकीकत मराठी वाचकांस पाठ आहे. ती पुन्हा सांगत नाही. आम्हांस सांगायचे आहे ते निराळेच. सैरंध्री म्हणजे राणीची वेणीफणी करणारी दासी. विराटाच्या राजवाड्यात एक दासी आहे, बल्लव नावाचा एक आचारी आहे, राजाचा मेहुणा कीचक दासीचा अपमान करतो, आणि मध्यरात्री नृत्यशाळेत आचारी त्याचा चुराडा करतो. नोकरांचे बंडच ते. खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवध’ नाटकात लोकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने ते नाटक बंद पाडले. पेंटरांच्या मूकपटातील वधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले होते की पुढे ते गाळावे लागले. पुण्याच्या त्या प्रेक्षकांपैकी कथेचा शेवट कोणास ठाऊक नव्हता? तरीही लोक लोटले, आणि तेथे कोणी कोणाच्या बाजूने बसावे हा प्रश्न पडला नाही. महाभारतकाराने एक सोय करून ठेवली होती : दासी खरी दासी नव्हती, ती महाराणी होती. आचारी खरा आचारी नव्हता. खऱ्या दासीने आणि खऱ्या आचाऱ्याने तेच केले असते, तर टाळ्या तितक्याच पडल्या असत्या काय, याविषयी आम्ही साशंक आहो.

पडद्यावरील पहिला थोर यंत्रमानव मात्र जर्मनीचा. फ्रिट्झ लांग याचा ‘मेट्रोपोलिस’ १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखविला गेला. वाट पाहण्याचा खरा कळस म्हणावा तर तोच चित्रपट. त्यासाठी उफा कंपनीने पाण्यासारखा पैसा ओतला. चित्रपट चालला नाही, म्हणून काही महिन्यांतच त्याची छाटाछाट झाली. आणि छाटलेला भाग नष्ट झाला असे ऐंशी वर्षे सर्वांनी धरून चालले. २००८ मध्ये ब्वेनोस आइरेस येथील एका संग्रहालयात जुनी प्रत सापडली, आणि २०१० च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये तो बहुतांशी पूर्ण स्वरूपात पुन्हा लागला. या कथेची लेखिका लांगची पत्नी थेआ फोन हार्बू. तिचे आणि लांगचे १९३३ मध्ये फाटले, आणि तिने पुढे गुप्तपणे विवाह केला तो आयी तेंडुलकर या मराठी तरुणाशी. तेंडुलकर बेळगावकडचे, शिक्षणासाठी जर्मनीत गेलेले, तेथे वृत्तपत्रांत लिहिणारे. नाझी राजवटीत अशा विवाहाची वाच्यता करणे शक्य नव्हते. महायुद्धाच्या तोंडावर ते स्वदेशी परतले, ब्रिटिश सरकारच्या तुरुंगात त्यांनी वर्षे काढली, आणि १९४५ मध्ये महात्मा गांधींच्या आशीर्वादाने इंदुमती गुणाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या कन्येने २०१३ मध्ये हा सारा वृत्तांत इंग्रजीत प्रसिद्ध केला आहे. ज्या बाईच्या लेखणीतून यंत्रमानवाची ती जगप्रसिद्ध स्त्रीमूर्ती निघाली, तिचा संसार बेळगावच्या माणसाशी होता, ही गोष्ट कोल्हापुरात अजून फारशी कोणास ठाऊक दिसत नाही.

पण हार्बूबाईंनी चापेकचा प्रश्न टाळला, असे म्हणणे भाग आहे. ‘मेट्रोपोलिस’मध्ये बंड करतात ती माणसे; यंत्र त्यांस फूस लावते, इतकेच. मजुरांची मुले बुडता बुडता वाचतात, यंत्रमूर्ती चितेवर जळते, आणि शेवटी मालकाच्या मुलाच्या मध्यस्थीने मालक व मुकादम हातात हात देतात. यंत्रांवरील पाळ्या दुसऱ्या दिवशी पूर्ववत् सुरू झाल्या असतील, याबद्दल प्रेक्षकास शंका राहत नाही. तो शेवट आपणांस पटला नव्हता, असे लांगनेच पुढे सांगितले.

बंड कोण करतो, याचा दुसराही एक दाखला आमच्या दाराशी आहे. १८४४ मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले. गडकरी म्हणजे पिढीजात गड राखणारे शिबंदीचे लोक. इंग्रजांच्या सल्ल्याने नवा कारभार आला, मामलेदारी आली, आणि गडांच्या तोफांना व त्यांच्या राखणदारांना काही अर्थ उरला नाही. सामानगडाने दरवाजे लावून घेतले, मग आग भुदरगड, पन्हाळा, विशाळगड अशी पसरली. बंड मोडल्यावर गडांची तटबंदी पाडण्यात आली, विशाळगड उजाड झाला आणि जहागिरीचे ठाणे खाली मलकापुरास आले. आज आम्ही ज्या गावात बसून हे लिहीत आहो, त्याची भरभराट अशी एका फसलेल्या बंडातून झालेली आहे. मात्र हे बंड वेठीविरुद्ध नव्हते. रोबोट उठतात ते काम लादले म्हणून. गडकरी उठले ते काम काढून घेतले म्हणून. आम्ही चित्रपटाची वाट पाहतो ती पहिल्या प्रकारच्या बंडाची. आमच्या तालुक्यातील घराघरांतून जे तरुण मुंबईच्या गिरण्यांत गेले होते, त्यांच्या वाट्यास दुसरा प्रकार आला. १९२८ चा मुंबईतील गिरणी संप पेटला, त्याचे एक मोठे कारण हेच होते की, एका विणकराने दोनांऐवजी तीन माग सांभाळावे असा मालकांचा आग्रह होता. तिसरा माग म्हणजे घरी बसलेला कोणी तरी दुसरा विणकर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि पुष्कळसे पुन्हा साच्यावर कधी गेलेच नाहीत. त्यांतील काही आमच्या गल्लीत परत आले. त्यांनी येथे पानाच्या टपऱ्या टाकल्या.

आणि या साऱ्या काळात भाषेने वेठीचे काय केले? ‘वेठीस धरणे’ हा वाक्प्रचार आज रोज कानी पडतो. तो कोणाविषयी वापरला जातो, इकडे वाचकांनी एकदा लक्ष द्यावे. संप करणारे कर्मचारी जनतेला वेठीस धरतात. मोर्चा काढणारे शहराला वेठीस धरतात. पूर्वी ज्याच्या डोक्यावर ओझे चढवीत तो वेठीला धरलेला. आता ओझे खाली ठेवणारा तोच वेठीस धरणारा ठरला आहे. हा पालट कोणी ठरवून केला असे नव्हे. भाषा कोणाच्या ओसरीवर अधिक बोलली जाते, त्याचा तो परिणाम असावा. आम्ही स्वतः तो वाक्प्रचार परीक्षेच्या वेळच्या एका संपाविषयी भर सभेत वापरला आहे. कायद्याने वेठबिगार देशभर नाहीशी झाली ती १९७६ च्या अधिनियमाने, म्हणजे आमच्या डोळ्यांदेखत. त्यापूर्वी कित्येक वर्षे शब्द पलीकडच्या बाजूस जाऊन बसला होता.

तो विद्यार्थी गेल्या दिवाळीत भेटावयास आला होता. पदवीनंतर औद्योगिक शिक्षण घेऊन तो पुण्याकडे, चाकणच्या बाजूस, मोटारींच्या एका कारखान्यात लागला. तेथे सांधे जोडण्याचे काम यंत्रहस्त करतात. प्रत्येकाभोवती जाळीचा पिंजरा असतो, दार उघडले की यंत्र आपोआप थांबते, अशी व्यवस्था. पिंजरा कशासाठी, असे आम्ही विचारले. “त्यानं आम्हाला मारू नये म्हणून, सर. हात वळताना मधी माणूस आला तर त्याला कळत नाही.” मग आपण होऊन म्हणाला, “आमच्या लायनीवर तो आठ वर्षं झाली हाय. आमची भरती सात महिन्यांची. सात महिने झाले की घरी, मग पुन्हा दुसऱ्या ठेकेदाराकडून.” चहा घेतला, आईसाठी आणलेल्या साडीची पिशवी उचलली, आणि उंबऱ्यात थांबून त्याने विचारले, “सर, तो पिक्चर आला का हो शेवटी?”

अद्याप नाही, असे आम्ही सांगितले.